पोटातला गोळा कुठून येतो? रोलर कोस्टर समजून घेताना

रोलर कोस्टरची गाडी पहिल्या चढावावरून वर ओढली जात असताना जो ‘टक्-टक्-टक्’ असा आवाज येत राहतो, तो साखळीचा आवाज आहे असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो येतो वेगळ्याच भागातून. चढावावर रुळांना समांतर अशी एक दातेरी पट्टी बसवलेली असते आणि डब्याच्या तळाशी एक लोखंडी खटका असतो. गाडी वर सरकेल तसा हा खटका एकेका दात्यावरून घसरून पुढच्या खाचेत पडतो. साखळी तुटली किंवा वीज गेली, तरी गाडी किंचित मागे येऊन त्या खाचेत अडकते आणि जागच्या जागी उभी राहते. म्हणजे ज्या आवाजाने नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो, तो आवाज गाडी मागे घसरू शकत नाही याची दर क्षणाला दिली जाणारी ग्वाही असते.

रोलर कोस्टरच्या बाबतीत असे पुष्कळदा होते. जे भीतिदायक वाटते ते निरुपद्रवी असते, आणि जे खरोखर कौशल्याचे असते ते सहसा नजरेतून सुटते. उद्यानांच्या जाहिराती आपल्याला बहुधा दोनच आकडे सांगतात, उंची आणि वेग. हे आकडे अपुरे आहेत, कारण माणसाच्या शरीराला वेग कळतच नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानात आपण निवांत झोपू शकतो. शरीराला कळतो तो वेगातला किंवा दिशेतला बदल, आणि तो कळतो वजनाच्या रूपाने. रोलर कोस्टर हे माणसाचे वजन क्षणाक्षणाला बदलणारे यंत्र आहे, असे एकदा मनात पक्के केले की त्याची रचना, त्याचा इतिहास, कोणत्या डब्यात बसावे आणि छंदिष्ट मंडळी एकाच गाडीत दिवसातून दहा वेळा का बसतात, हे सगळे उलगडू लागते.

वजनाची जाणीव

आपण वजन म्हणून जे अनुभवतो, तो खरे तर आसनाने किंवा जमिनीने आपल्याला खालून दिलेला रेटा असतो. गुरुत्वाकर्षण शरीराच्या प्रत्येक कणावर एकाच वेळी काम करते, त्यामुळे ते जाणवत नाही. जाणवतो तो त्याला विरोध करणारा रेटा. स्थिर बसलेल्या माणसाला हा रेटा जितका जाणवतो, त्याला १ जी म्हणतात. गाडी उतारावरून खाली येऊन दरीसारख्या खोलगट भागात पुन्हा वर वळते, तेव्हा आसनाला आपल्याला केवळ तोलून धरायचे नसते, तर आपली दिशाही बदलायची असते. तिथे हा रेटा ३ किंवा ४ जीपर्यंत जाऊ शकतो. ४ जी म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला आपण २४० किलोचे झाल्यासारखे वाटणे: हात उचलवत नाहीत, गाल खाली ओढले जातात आणि डोक्यातले रक्त पायांकडे जाऊ लागते. हा भार पाऊण सेकंद टिकला तर मजा वाटते. तोच कित्येक सेकंद टिकला तर डोळ्यांपुढचे रंग फिके पडून दृष्टी कडांकडून काळवंडू लागते. अमेरिकेतील किंग्ज डोमिनियन उद्यानात २०१० साली सुरू झालेल्या इंटिमिडेटर ३०५ या कोस्टरवर पहिल्या प्रचंड वळणात अनेकांना नेमका हाच अनुभव आला, आणि पुढे ते वळण अधिक मोठ्या त्रिज्येचे करून पुन्हा बांधावे लागले.

टेकडीच्या माथ्यावर याच्या उलट घडते. गाडी वर जात असते आणि रूळ खाली वाकू लागतात. जडत्वामुळे आपले शरीर मात्र वरच जाऊ पाहते. टेकडीचा आकार हवेत फेकलेल्या चेंडूच्या मार्गाशी जुळत असेल, तर आसनाचा रेटा शून्य होतो आणि आपण तरंगतो. रूळ त्याहूनही झपाट्याने खाली वाकले, तर शरीराला खाली ओढून आणण्याचे काम मांडीवरच्या दांड्याला करावे लागते; हा उणे जी. या दोन्ही अवस्थांना मिळून छंदिष्टांच्या भाषेत ‘एअरटाइम’ म्हणतात, आणि पहिल्या प्रकाराला ‘फ्लोटर’ व दुसऱ्याला ‘इजेक्टर’ अशी नावे आहेत. पोटात गोळा येतो तो इथेच. जठर, आतडी, यकृत हे अवयव पोटात घट्ट खिळलेले नसतात. ते बंधांनी टांगलेले असतात आणि एरवी गुरुत्वाकर्षणाने किंचित खाली ताणलेले राहतात. तो ताण अचानक नाहीसा झाला की ते जरासे वर सरकतात, आणि मज्जातंतू ही हालचाल लगेच मेंदूला कळवतात.

एअरटाइम महत्त्वाचा मानला, तर कोस्टरची तुलना करण्याची मोजपट्टीच बदलते. न्यू जर्सीतील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर उद्यानातील किंगडा का हा कोस्टर २००५ पासून अनेक वर्षे जगातील सर्वांत उंच होता: १३९ मीटर उंची आणि ताशी २०६ किलोमीटर वेग. तो साडेतीन सेकंदांत हा वेग गाठत असे, एकच महाकाय मनोरा चढून उतरत असे आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळे संपत असे. ओहायोतील सीडर पॉइंट उद्यानातील स्टील व्हेंजन्स हा २०१८ सालचा कोस्टर ६२ मीटर उंच, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण त्यावरचा एअरटाइमच सुमारे २७ सेकंद भरतो. किंगडा का २०२४ साली बंद झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडला गेला. त्याच्या मनोऱ्याविषयी मला आदर आहे, पण दोहोंपैकी एकाच्याच रांगेत उभे राहायला मिळणार असते, तर मी क्षणभरही विचार न करता दुसऱ्याची निवड केली असती.

एकदाच मिळणारी शिदोरी

पारंपरिक रोलर कोस्टरला इंजिन नसते. साखळी गाडीला वर नेते, तेव्हा तिच्यात उंचीच्या रूपाने ऊर्जा साठते. त्यानंतर संपूर्ण मार्ग तिला याच शिदोरीवर पार करायचा असतो. उतारावर उंचीचे रूपांतर वेगात होते, चढावर वेगाचे पुन्हा उंचीत. घर्षण आणि हवेचा विरोध मधल्या मध्ये आपला वाटा काढून घेतात, म्हणून पुढची कोणतीही टेकडी पहिल्या चढावाइतकी उंच असू शकत नाही.

हे गणित किती चोख बसते ते एका उदाहरणावरून पाहू. सीडर पॉइंट येथील मिलेनियम फोर्स या २००० सालच्या कोस्टरची पहिली उडी सुमारे ९१ मीटरची आहे. तेवढ्या उंचीवरून कोणताही विरोध न होता पडणाऱ्या वस्तूचा वेग तळाशी ताशी १५२ किलोमीटरच्या आसपास होतो. उद्यानाने जाहीर केलेला वेग आहे ताशी १५० किलोमीटर. इतक्या मोठ्या यंत्राचा पहिल्या उतारावर जवळजवळ काहीच तोटा होत नाही, ही गोष्ट मला आजही थक्क करते. या हिशेबात गाडीच्या वजनाला स्थान नाही, हेही लक्षात घ्यावे. भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा वेगाने पडत नाही. फरक पडतो तो पुढे: जड गाडीच्या साठलेल्या ऊर्जेच्या मानाने हवेचा विरोध लहान ठरतो, त्यामुळे भरलेली गाडी मार्गाच्या शेवटच्या भागात अधिक वेग टिकवून धरते.

उलट बाजूने पाहिले तर थंड सकाळ, चाकांच्या बेअरिंगमधील घट्ट झालेले वंगण, समोरून येणारा जोराचा वारा आणि रिकामे डबे हे सगळे एकत्र आले, तर गाडी एखाद्या टेकडीच्या माथ्यापर्यंत पोहोचूच शकत नाही आणि मागेपुढे झुलत दोन टेकड्यांमधल्या खोलगटात थांबते. याला ‘व्हॅली होणे’ म्हणतात. म्हणूनच उद्याने सकाळी प्रवासी घेण्यापूर्वी रिकाम्या गाड्यांच्या चाचणीफेऱ्या घेतात आणि कडाक्याच्या थंडीत किंवा वादळी वाऱ्यात कोस्टर बंद ठेवतात. दारावर पोहोचल्यावर ‘आज बंद’ अशी पाटी दिसली की मन खट्टू होते हे खरे, परंतु त्या पाटीमागे बहुधा हे भौतिकशास्त्र असते.

साखळीऐवजी गाडीला एकदम वेग देऊन सोडणारे कोस्टरही आहेत. अबू धाबीतील फेरारी वर्ल्डमधील फॉर्म्युला रोसा २०१० पासून ताशी २४० किलोमीटर वेगाने धावत आला आहे, आणि एवढ्या वेगात वाळू किंवा कीटक डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून प्रवाशांना चष्मे दिले जातात. अशा कोस्टरच्या पहिल्या पिढीतील मनोऱ्यांवर कधी कधी गाडी माथ्याच्या अलीकडेच दम संपून मागे परतत असे. हा प्रसंग रचनेत गृहीत धरलेला होता. सुटण्याच्या मार्गावरचे ब्रेक वर उचलले जाऊन तिला हळुवार थांबवत. किंगडा कावर असा ‘रोलबॅक’ नशिबात आलेले लोक ती आठवण दागिन्यासारखी जपतात.

पुढचा डबा की मागचा

हा प्रश्न नव्या माणसाकडून हमखास विचारला जातो, आणि त्याचे उत्तर केवळ आवडीवर सोडण्यासारखे नाही. सगळे डबे एकमेकांना जोडलेले असल्याने कोणत्याही क्षणी संपूर्ण गाडीचा वेग एकच असतो. मात्र प्रत्येक डबा माथ्यावर वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो. साखळीच्या चढावावरून उतरताना पहिला डबा माथा ओलांडतो तेव्हा बाकीची गाडी अजून मागे, साखळीवर असते. त्यामुळे तो अतिशय संथपणे कडेवर येतो आणि तिथे जणू लटकून राहतो. समोर काहीच नसते, आणि हा क्षण ज्यांना हवा त्यांनी पुढेच बसावे. शेवटचा डबा माथ्यावर येतो तोपर्यंत गाडीचा मोठा भाग उतारावर घसरू लागलेला असतो, त्यामुळे तो माथ्यावरून अक्षरशः खेचून खाली फेकला जातो. पहिल्या उडीचा जोरदार एअरटाइम म्हणूनच मागे मिळतो.

पुढच्या टेकड्यांवर गणित थोडे निराळे आहे. तिथे गाडीचा मध्य माथ्यावर असतो तेव्हा तिचा वेग सर्वांत कमी असतो. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा गाडी अजून मंदावत असते, मागचा ओलांडतो तेव्हा ती पुन्हा वेग घेऊ लागलेली असते, आणि मधला डबा नेमका सर्वांत संथ क्षणी वर असतो. म्हणून टोकांना तीव्रता जास्त आणि मध्ये सौम्यता. मुलांना किंवा घाबरणाऱ्या सोबत्याला पहिल्यांदा घेऊन जाताना मधल्या डब्यात बसवावे. सर्वांत शेवटची रांग ‘मागे आहे म्हणजे कमी भीतिदायक’ या समजुतीने निवडणाऱ्यांची मला नेहमी काळजी वाटते. चाकांच्या अगदी वरच्या आसनांवर खडखड अधिक जाणवते, तर दोन चाकांच्या जोड्यांमधील आसन त्या मानाने मऊ असते. जुन्या लाकडी कोस्टरवर हा फरक मोठा असतो.

उलटे होण्याचे शास्त्र

माणसाला उलटे करून परत सुलटे करण्याची हौस जुनी आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली फ्लिप फ्लॅप रेल्वे नावाचा कोस्टर आला, त्यात एक पूर्ण गोलाकार फेरा होता. प्रवाशांच्या माना त्यात इतक्या दुखावत की तो फार काळ टिकला नाही. दोष होता वर्तुळात. गाडी वर्तुळाच्या माथ्यावर जेमतेम टिकून राहील एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी प्रवाशाला ६ जी सोसावे लागतात. वर्तुळ मोठे केल्याने काहीच सुटत नाही, कारण त्रिज्या वाढली की लागणाऱ्या वेगाचा वर्गही त्याच प्रमाणात वाढतो आणि तळाचा आकडा पुन्हा ६ च येतो. या हिशेबातून सुटका करून घ्यायची, तर वर्तुळच सोडावे लागते.

१९०१ साली त्याच परिसरात लूप द लूप हा कोस्टर आला, त्याचा फेरा लंबवर्तुळाकार होता आणि तो पूर्वीपेक्षा सुसह्य होता. पण त्याच्या गाडीत चारच माणसे बसत, आणि एवढ्या कमी माणसांवर व्यवसाय चालत नाही. त्यानंतर ही कल्पना कित्येक दशके बाजूला पडली. कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन उद्यानात १९७६ साली सुरू झालेल्या रिव्होल्यूशन या कोस्टरने तिला पुन्हा उभे केले. जर्मन निर्माते अँटोन श्वार्झकोफ आणि अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी त्यासाठी वापरलेला फेरा पाण्याच्या उलट्या थेंबासारखा होता: तळाशी, जिथे वेग जास्त असतो, तिथे वक्रता अगदी सौम्य; आणि माथ्यावर, जिथे वेग कमी झालेला असतो, तिथे वक्रता तीव्र. रूळ सरळ मार्गावरून वळणात शिरताना त्यांची वक्रता हळूहळू वाढत जाते, त्यामुळे मानेला हिसका बसत नाही. आज जवळपास प्रत्येक उभ्या फेऱ्याचा आकार याच विचाराचा आहे.

श्टेंगेल यांच्याच नावाशी जोडलेली आणखी एक कल्पना आहे, आणि माझ्या मते ती त्याहूनही मोलाची आहे. गाडी एका बाजूला कलंडताना रुळांभोवती फिरली, तर रुळांपासून मीटरभर वर असलेले प्रवाशाचे डोके मोठ्या कमानीत झपकन फेकले जाते आणि खांद्यावरच्या चौकटीवर आपटते. त्याऐवजी प्रवाशाच्या छातीतून जाणारी एक काल्पनिक रेषा स्थिर धरून रूळच तिच्याभोवती फिरवले, तर शरीर जागच्या जागी वळते आणि डोके शांत राहते. आधुनिक कोस्टरचे रूळ बाहेरून पाहिले की ते विचित्रपणे एका बाजूला झुकत, मग परत येत असल्यासारखे दिसतात. ती वेडीवाकडी रेषा प्रवाशाचा मार्ग सरळ राहावा म्हणून आखलेली असते. काही जुन्या कोस्टरवर कान आणि मान का दुखते, आणि त्यांच्यापेक्षा दुप्पट वेगाच्या नव्या कोस्टरवर का दुखत नाही, याचे उत्तरही याच आखणीत आहे. मानेला जाचतो तो भार नव्हे, तर भार एकाएकी बदलणे.

लाकूड, पोलाद आणि तीन चाके

रोलर कोस्टरचे मूळ रशियातील बर्फाच्या घसरगुंड्यांत आहे. फ्रेंच भाषेत आजही त्याला ‘रशियन डोंगर’ म्हणतात. अमेरिकेत लामार्कस थॉमसन यांनी १८८४ साली कोनी आयलंडवर स्विचबॅक रेल्वे सुरू केली, तेव्हा तिचा वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास होता आणि प्रवासी बाजूला तोंड करून, देखावा पाहत बसल्यासारखे बसत. गाड्या रुळांवर नुसत्या टेकलेल्या असल्याने यापेक्षा फार काही करता येत नव्हते. टेकडी थोडी तीव्र केली असती, तर गाडीच रूळ सोडून उडाली असती.

हा अडसर दूर केला जॉन मिलर यांनी. त्यांनी १९१९ च्या सुमारास रुळाच्या खालच्या बाजूने धावणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले. आता डब्याच्या प्रत्येक कोपऱ्यात तीन प्रकारची चाके असतात: वर भार घेणारी, बाजूने दिशा धरणारी आणि खालून गाडीला रुळांशी जखडून ठेवणारी. गाडी रूळ सोडूच शकत नाही, म्हणून टेकड्या हव्या तितक्या तीव्र करता येतात. उणे जी हा अनुभव त्या खालच्या चाकाने शक्य केला, आणि १९२० चे दशक लाकडी कोस्टरचे सुवर्णयुग ठरले. त्याच दशकातला, १९२७ सालचा कोनी आयलंडचा सायक्लोन अवघा २६ मीटर उंच आहे, तरी आजही लोक त्यावर बसण्यासाठी दूरवरून येतात. मेलबर्नच्या लूना पार्कमधील १९१२ सालच्या सीनिक रेल्वेवर तर अजूनही गाडीच्या मध्यभागी ब्रेक सांभाळणारा माणूस उभा असतो आणि वेग त्याच्या हातात असतो.

कोस्टर लाकडी की पोलादी, हे सांगाड्यावरून ठरत नाही. ते ठरते रुळावरून. लाकडी कोस्टरचा रूळ फळ्यांचे थर एकावर एक रचून केलेला असतो आणि त्यावर पोलादाची पातळ पट्टी असते. असा रूळ भाराखाली दबतो, हवेतील ओलाव्याने फुगतो, वर्षागणिक थोडा बदलतो. त्यामुळे एकच लाकडी कोस्टर दोन भेटींत दोन वेगळ्या स्वभावाचा वाटू शकतो. सीडर पॉइंटचा जेमिनाय लाकडी सांगाड्यावर उभा आहे, तरी रूळ पोलादी असल्यामुळे तो पोलादी कोस्टर गणला जातो. पोलादी नळीचे रूळ पहिल्यांदा १९५९ साली डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्नवर आले, आणि नळी कोणत्याही दिशेने वाकवता येत असल्याने पुढचे सगळे फेरे, पीळ आणि मळसूत्रे शक्य झाली.

दोन गाड्यांमधले अंतर

एकाच मार्गावर एकाच वेळी दोन-तीन गाड्या धावत असतात. त्या एकमेकींवर आदळत नाहीत, कारण मार्ग अनेक खंडांमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक खंडाच्या शेवटी गाडी पूर्ण थांबवू शकणारी काहीतरी यंत्रणा असते, आणि पुढचा खंड रिकामा झाल्याशिवाय नियंत्रक संगणक मागच्या गाडीला सोडत नाही. लोहमार्गावरील सिग्नलची पद्धत हीच. आज बऱ्याच ठिकाणी चुंबकीय ब्रेक असतात: कायम चुंबकांच्या मधून धातूचे पाते वेगाने गेले की त्यात निर्माण होणारे विद्युत्प्रवाह पात्याला विरोध करतात. त्यासाठी विजेची गरज नसते, म्हणून वीज गेली तरी ते काम करतात. मात्र वेग कमी होत जाईल तसा त्यांचा जोरही कमी होतो, त्यामुळे गाडी पूर्ण थांबवण्यासाठी घर्षणाचे ब्रेक लागतातच.

ही यंत्रणा किती भरवशाची आहे हे तिच्या अपयशापेक्षा तिला डावलल्याच्या प्रसंगावरून अधिक कळते. इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स उद्यानात २ जून २०१५ रोजी स्मायलर या कोस्टरवर एक रिकामी चाचणीगाडी वाऱ्याच्या दिवशी मार्गातच अडकली. संगणकाने मागची गाडी बरोबर थांबवून धरली होती. पण मार्ग मोकळा आहे अशा समजुतीने कर्मचाऱ्यांनी तो थांबा हाताने रद्द केला, आणि प्रवाशांनी भरलेली गाडी रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना आपला एक एक पाय गमवावा लागला. त्या घटनेचा विचार मनातून कधीच पूर्णपणे जात नाही, आणि जाऊ नये. गाडी चढावावर वा ब्रेकवर बराच वेळ थांबली की प्रवासी ओरडू लागतात, चिडतात. पण तो थांबा म्हणजे यंत्रणा आपले काम करत असल्याची खूण असते, आणि तो उठवण्याची घाई कोणीही करू नये.

उंचीच्या अटीचेही असेच आहे. मांडीवरचा दांडा किंवा खांद्यावरची चौकट शरीराच्या ठरावीक भागावर बसेल असे धरूनच रचना केलेली असते. तेवढी उंची नसलेल्या मुलाचे शरीर त्यातून निसटू शकते. टाचा उंचावून किंवा जाड तळव्याचे बूट घालून मुलाला आत नेणारे पालक मी पाहिले आहेत, आणि त्यांना अडवणाऱ्या कर्मचाऱ्याचे आभार मानावेत असेच मला वाटते. हृदयविकार, मानेचे वा पाठीचे दुखणे, गर्भारपण यांविषयीच्या सूचनाही याच गांभीर्याने घ्याव्यात. खिशातला फोन हा तर इतरांच्या जिवाचा प्रश्न आहे, कारण उणे जीमध्ये सुटलेली वस्तू मागच्या डब्यातील माणसाच्या तोंडावर गाडीच्या वेगाने येते.

छंदिष्टाचा दिवस

अमेरिकन कोस्टर एन्थुझिॲस्ट्स ही छंदिष्टांची संघटना १९७८ साली स्थापन झाली, आणि तेव्हापासून या छंदाची स्वतःची परिभाषा घडत गेली आहे. बसून झालेल्या प्रत्येक वेगळ्या कोस्टरला ‘क्रेडिट’ म्हणतात, आणि अनेकजण त्यांची वही ठेवतात. एखादा कोस्टर एका उद्यानातून उचलून दुसरीकडे उभारला तर तो नवे क्रेडिट की जुनेच, यावर तासन्‌तास चर्चा होते. पेनसिल्व्हेनियातील नोबेल्स उद्यानाचा फिनिक्स १९४७ साली टेक्सासमध्ये उभारलेला होता. तो सुटा करून १९८५ साली नव्या जागी उभा राहिला, म्हणून त्याला राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव मिळाले. लहानसा, जुना आणि दिसायला साधा असा हा कोस्टर एअरटाइमसाठी जगभर नावाजला जातो.

दिवस नीट आखायचा तर रांगेचे गणित कळले पाहिजे. ३२ आसनांची गाडी दर दोन मिनिटांनी सुटत असेल, तर तासाला ९६० माणसे बसतात. तीच दर दीड मिनिटाने सुटली, तर १,२८०. म्हणजे आसनांचे पट्टे तपासायला लागणारे अर्धे मिनिट रांगेतल्या प्रत्येकाचा वेळ ठरवते. गाडी येण्यापूर्वीच खिसे रिकामे करून तयार उभे राहणारा प्रवासी सगळ्यांवरच उपकार करत असतो. याच हिशेबातून एक उपयुक्त गोष्ट निघते: दार उघडताच सगळी गर्दी सर्वांत प्रसिद्ध कोस्टरकडे धावते, पण तो बहुधा मोठ्या गाड्यांचा असतो आणि त्याची रांग दिवसभर सरकत राहते. सकाळचा पहिला तास चार-चार माणसांच्या छोट्या गाड्या असलेल्या कोस्टरसाठी ठेवावा, कारण दुपारी तिथली रांग आटोक्याबाहेर जाते.

बसताना पाठ आणि डोके आसनाला टेकलेले ठेवावे, आणि वळण ज्या बाजूचे असेल तिकडे नजर ठेवावी. डोळे मिटल्याने भीती कमी होते असे वाटते, पण मळमळ वाढू शकते: कानाच्या आतील तोल सांभाळणारे अवयव हालचाल सांगत असतात आणि डोळे काहीच सांगत नसतात, हा विसंवाद मेंदूला सोसत नाही. दांडा मांडीला टेकेल इतकाच ओढावा. तो मांडीत रुतवला तर एअरटाइम नाहीसा होतो. तो पुरेसा बसला आहे की नाही हे मात्र कर्मचाऱ्यानेच ठरवायचे असते, आणि त्याने आणखी दाबला तर वाद घालू नये.

आणि शक्य असेल तर शेवटची फेरी अंधार पडल्यावर घ्यावी. दिवसभर धावून बेअरिंगमधले वंगण पातळ झालेले असते, चाके तापलेली असतात, आणि सकाळी टेकड्यांवर रेंगाळणारी तीच गाडी रात्री त्यांवरून वाहून गेल्यासारखी जाते. ओहायोतील किंग्ज आयलंड उद्यानाचा बीस्ट १९७९ पासून दाट झाडीतून धावतो. त्याचा मार्ग २,२०० मीटरहून लांब आहे आणि त्यावर दिवे जवळजवळ नाहीत. पुढचा उतार कुठे सुरू होतो हे डोळ्यांना कळत नाही, त्यामुळे शरीर त्यासाठी सावरून बसू शकत नाही. दुपारी जिथे पोटात गोळा आलाच नव्हता, त्याच टेकडीवर तो रात्री येतो.